रिकाम्या गाडीचा ब्रेक

सांगोल्याहून सोलापूर म्हणजे लोक सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येतात. एवढ्याशा रस्त्याचं कोण वर्णन लिहितं? पण मला जाऊन यायला तीन दिवस लागले. आणि सात माणसं बसतात अशा माझ्या व्हॅनमध्ये त्या तीन दिवसांत गाडी तपासणारे सोडले तर माझ्याशिवाय एकही माणूस बसला नाही. जुन्या गाडीच्या ब्रेकची तक्रार घेऊन तुम्ही कधी गावोगाव हिंडला नसाल, तर तुमच्यासाठी लिहितोय.

आधी मी कोण ते सांगतो. मी अव्या. नकला करतो. तलाठी, लग्नातला आचारी, माईकवरनं हरवलेल्या माणसाला हाका मारणारा जत्रेतला पुढारी, सगळे आवाज काढतो. आमचा पाच जणांचा कार्यक्रम होता. मी, गाणारी सुप्रिया, ढोलकीवाला भारत, आणि की-बोर्ड आणि स्पीकर सांभाळणारे दोघं भाऊ. वाढदिवस, सेवानिवृत्ती, जत्रा, जिथं बोलवतील तिथं जायचो.

व्हॅन बिरा तात्यांकडनं घेतलेली. तात्या आमच्या भागातले नामांकित मेंढेवाले. या व्हॅनमधनं त्यांचे मेंढे बाजाराला जायचे. विकताना म्हणाले होते, "किती बी भर, गाडी मागनं झुकायची न्हाय." आणि खरंच झुकायची नाही. पाच माणसं, ढोलकी, दोन मोठे स्पीकर भरले तरी मागनं ताठ. आम्हाला त्याचं कौतुकच वाटायचं.

ब्रेक उशिरा लागतोय हे मला आधीपासनं जाणवत होतं. गॅरेजवाल्याला दोनदा सांगितलं. पण मी साधं सांगितलं असतं तर मी कसला? ब्रेकला मी ऑफिसातला क्लार्क केला. पाय दाबला की क्लार्क म्हणायचा, "साहेब जेवायला गेलेत, अर्ध्या तासानं दाबा." गॅरेजवाला पोट धरून हसला. पुढं हा क्लार्क कार्यक्रमात पण घेतला. सगळ्यात जास्त भारत हसायचा. गाडीतनं जाता जाता मागनं ओरडायचा, "अव्या, साहेब आले का बघ की!"

मागच्या महिन्यात मंगळवेढ्याच्या अलीकडं, भर दुपारी, कार्यक्रमावरनं परत येताना पुढं चाललेला उसाचा ट्रॅक्टर वळायला थांबला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण ट्रॉलीत घुसून थांबली. बाकीच्यांना खरचटलं. भारतनं सीटच्या दांड्याला हात लावला होता, त्याचं उजवं मनगट मोडलं. ढोलकीवाल्याचं मनगट.

तवापासनं तो माझ्याशी बोलत नाही. बाकीचे बोलतात, पण गाडीत बसत नाहीत. पुढचा पत्रा मी सरळ करून घेतला, ब्रेक तपासला, गॅरेजवाला म्हणाला, ब्रेक एकदम ओके. ओके कसा असंल? ते खोटं आहे एवढं कुणाकडनं तरी सिद्ध करून आणायचं आणि भारतसमोर ठेवायचं, म्हणून मी निघालो.

मंगळवेढा

पहिल्या दिवशी जिथं धडकलो होतो तिथंच थांबलो. काचेचा चुरा अजून कडेला पडलेला. साइडचा रस्ता मोकळा होता. मी गाडी पळवली आणि ब्रेक दाबला. जागेवर थांबली. परत पळवली, परत थांबली. आठ-दहा वेळा केलं. मला वाटत होतं एकदा तरी फसावा. स्वतःच्याच गाडीचा ब्रेक फसावा म्हणून देवाचा धावा करणारा माणूस या रस्त्याला मीच असणार.

शेजारच्या रानात हुरडा चालला होता. धोतर-टोपीतला एक माणूस बांधावर आला.

"ओ पाव्हणं, गाडी बिघडली का डोकं?"

"दोन्ही," म्हणलं.

"मग या की. गरम हाय तवर खावा."

मंगळवेढ्याची ज्वारी म्हणजे काय सांगू. काळी भुई, नजर पोचंल तिथपर्यंत कणसं. आमच्या सांगोल्याकडं पाहुणा आला की हातावर डाळिंब फोडून ठेवतात. इथं गोवरीच्या आरात कणीस भाजून तळहातावर चोळून देतात. सोबत शेंगाची चटणी, गुळाचा खडा. हुरडा चोळणारी एक म्हातारी होती, तिच्या तळहाताला भाजत कसं नव्हतं कुणास ठाऊक. मी दोन घास खाल्ले आणि सवयीनं सुरू झालो. ब्रेकचा क्लार्क काढला. सगळे लोळून हसले. धोतरवाला म्हणाला, "आरं हे तर आमच्या सोसायटीतलंच बेनं!"

म्हातारी तेवढी हसली नाही. म्हणाली, "लागलं का कुणाला?"

"मित्राचा हात मोडला."

"मग हसिवतोस कशापायी लेकरा?"

  मी हुरडा खाल्ला, हात जोडले आणि निघालो.

मंगळवेढ्यातल्या मेस्त्रीनं गाडी दोन चकरा फिरवली. खाली उतरून माझ्या चपलेकडं बघत म्हणाला, "ब्रेक कडक हाय. तुजा पायच उशिरा पडतोय."

संध्याकाळ व्हायच्या आत सोलापूर गाठायचं होतं. बेगमपूरचा पूल ओलांडताना भीमा खाली अगदी बारीक झालेली. एरवी या पुलावर सुप्रियाचं गाणं चालू असायचं आणि भारत सीटच्या पाठीवर ठेका धरायचा. मी एकटाच पाच जणांच्या आवाजात बोलत गेलो. सुप्रियाच्या आवाजात म्हणलं, "काच लाव रे, केस उडायलेत." भारतच्या आवाजात म्हणलं, "चहाला थांबव की, मालक." मग ओळखीचं हॉटेल मागं पडलं, आणि आपणच म्हणलेलं आपण ऐकलं नाही याचं मला भयंकर वाईट वाटलं. 

सोलापूर, कंपनीचं सर्व्हिस सेंटर

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. कोणत्या ते सांगत नाही, माणसं भली होती. काचेच्या आत थंडगार हवा. टाय घातलेला पोरगा कन्नड वळणाचं मराठी बोलत होता.

"सर, कंप्लेंट काय आहे?"

"ब्रेक उशिरा लागतोय."

"नेहमी का कधी कधी?"

आता इथं तरी नीट सांगायचं असं ठरवून गेलो होतो. पण समोर खुर्चीत चार गिऱ्हाईकं बसलेली, सगळी माझ्याकडं बघायलेली. चार माणसं बघायला लागली की माझ्या अंगात येतं. मी क्लार्क काढला. गिऱ्हाईकं हसली. टायवाला पण हसला, हसत हसत कॉम्प्युटरमध्ये लिहिलं आणि गाडी आत नेली.

तासाभरानं कागद आला. प्रॉब्लेम आढळला नाही. टायवाला हळू आवाजात म्हणाला, "सर, गाडी जुनी हाय, पण ब्रेक चांगला हाय. आमचा माणूस स्वतः चालवून आला. राग मानू नका, चालवायची सवय पण एकदा बघा की." त्याला मी तक्रार वरती पाठवायला सांगितलं. त्यानं एक नंबर दिला. नंबरवरची बाई म्हणाली, तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. मी तिच्याच आवाजात तिला तेच परत म्हणून दाखवलं. तिनं पुढचं पण तसंच म्हणलं. मशीन होतं.

दुपारी खानावळीत गेलो. कडक भाकरी, त्यावर शेंगाची चटणी आणि दही, तिखटाची आमटी. सोलापूरची कडक भाकरी मोडताना पापडासारखा आवाज होतो, आणि चार जण एकदम जेवायला बसले की टेबलावर नुसती फटाक्यांची लड लागते. वाढपी म्हणाला, "किती जण?" मी म्हणलं, "एक." त्यानं मला भिंतीकडच्या बाकड्यावर बसवलं. एकट्यानं भाकरी मोडायचा आवाज लई मोठा येतो, हे मला पहिल्यांदाच कळलं. भारतला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. परत लावला नाही.

चिंचोळी एमआयडीसी

सुप्रिया आता चिंचोळीला एका कारखान्यात पॅकिंगला लागलीय. पुण्याच्या हायवेला पंधरा-वीस मिनिटांवर. मी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर थांबलो. शिफ्ट सुटली तशी ती डोक्याला स्कार्फ बांधून आली. मला बघून हसली, व्हॅन बघून थांबली.

"ह्यातनं आलास?"

"मग काय पालखीतनं येऊ?"

चहा घेतला. मी टायवाला, मशीनची बाई, मंगळवेढ्याचा मेस्त्री, सगळे काढून दाखवले. तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "अव्या, तुला एक इचारू? येताना ब्रेक लागला का?"

"लागला."

"काल लागला?"

"लागला की."

"मेस्त्रीला लागला, कंपनीच्या माणसाला लागला. मग फकस्त आमी बसल्यावरच कसा लागत न्हाय?"

 एवढी साधी गोष्ट. महिनाभर जो कोणी तपासत होता, तो रिकामी गाडी तपासत होता.

"मग बस की आता," मी म्हणलं. "एक चक्कर मारू. लगेच कळंल."

 चहा संपला होता तरी ती कप हलवत राहिली. म्हणाली, "मला ती ट्रॉली अजून दिसती रे. राग न्हाय तुझ्यावर. पण मी बसनंच जाते." कारखान्याची बस आली. खिडकीतनं तिनं हात केला.

टपरीवर कर्नाटकातल्या इंडीकडचा एक ट्रक ड्रायव्हर आमचं सगळं ऐकत बसला होता. उठून व्हॅनच्या मागं गेला आणि वाकून बघायला लागला.

"येन्री हे! गाडी मागनं एवढी उंच कशाला? बोकड उडी मारायला बसल्यागत दिसायलंय." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "ब्रेकवाल्याकडं जाऊ नका तुमी. कमान-पाट्याचं काम करणाऱ्याकडं जावा. सोलापुरात लतीफचाचा हाईत."

लतीफचाचा

कमान म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांवरची पोलादी पट्ट्यांची चळत. त्यातल्या एकेका पट्टीला पाटा म्हणतात. वजन पडलं की ती चळत दबते आणि गाडी खाली बसते. लतीफचाचांनी उभा जन्म या पाट्यांत काढलेला. पांढरी दाढी, हाताला काळं ग्रीस, आणि बोलणं दखनी.

मी क्लार्क सुरू केला. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "आवाज नक्को कर रे बाबा. गाडी बोलती, उसकू बोलने दे."

गाडीखाली गेले आणि लगेच बाहेर आले. शेजारी चादरींचं गोदाम होतं. तिथल्या हमालांना त्यांनी हाक मारली. हमालांनी चादरीचे गठ्ठे आणून व्हॅनच्या सीटांवर चढवले. सुप्रियाच्या जागी दोन गठ्ठे, भावांच्या जागी तीन, भारतच्या जागी सगळ्यात मोठा. आधी चाचांनी मागच्या चाकाच्या वर किती बोटं जागा आहे ते मोजलं होतं. गठ्ठे भरल्यावर परत मोजलं. तेवढीच.

"देख," चाचा म्हणाले. "छे आदमी का वजन रख्या, गाडी बैठीच नै."

मग मला खाली झोपवून दाखवलं. एक्सलवर एक दांडी, दांडीच्या टोकाला एक छोटी डबी. गाडी भरली की मागनं खाली बसते. बसली की दांडी वर जाते. दांडी वर गेली की डबी मागच्या चाकांना पूर्ण ब्रेक लागू देते. गाडी रिकामी असंल तर डबी मागचा ब्रेक मुद्दाम कमी ठेवते, नाहीतर मागची चाकं घसरतात. जुन्या व्हॅनला अशीच सोय असते म्हणे.

"तेरे गाडी में किसने तो बी दो पाटे जास्ती डाले. गाडी बैठतीच नै. दांडी उठतीच नै. डबी कू क्या मालूम पीछे लोगां बैठे? वो समझती, पीछे कोई नै."

पाच जण बसलेत, गाणं चाललंय, ठेका चाललाय, आणि गाडीला वाटतंय मागं कुणीच नाही. मी तसाच खाली झोपून राहिलो. चाचांना वाटलं माझ्या डोळ्यात ग्रीस गेलं.

उठलो आणि बिरा तात्यांना फोन लावला. तात्या खूश झाले.

"व्हय व्हय, म्याच टाकल्यात पाटं! दोन! आरं माझा मेंढा बाजारात उतरताना लोकं आदी गाडी बघत्यात. गाडी मागनं झुकली की म्हनत्यात, मेंढं न्हाय, बारदान भरून आणलंय. मेंढ्याची ऐट जाती रं. ताठ गाडीतनं ताठ मेंढा उतरला पायजे."

"तात्या, त्यानं ब्रेक कमी होतो."

"मेंढ्यानं कधी तक्रार केली न्हाय बाबा."

मी हसलो. काय करणार? तात्यांनी काही लपवलं नव्हतं. गाडी झुकायची नाही हे विकतानाच छाती काढून सांगितलं होतं, आणि आम्ही पण माना डोलावल्या होत्या.

चाचांनी दोन्ही पाटे काढले, दांडी नीट बसवली. गठ्ठे तसेच ठेवून गाडी रस्त्यावर नेली, मी शेजारी. ब्रेक दाबला तशी व्हॅन जागच्या जागी खाली बसल्यासारखी थांबली. सगळे गठ्ठे एकदम पुढं झुकले. मला लई आनंद झाला. जिंकलो, म्हणलं. चाचांना म्हणलं, कागदावर लिहून द्या, दोष पाट्याचा होता म्हणून. मित्राला दाखवायचंय.

चाचांनी कागद घेतला, पेन कानामागनं काढलं, आणि लिहायच्या आधी विचारलं, "ट्रॉली रुकी, तो तू ब्रेक पे पैर कब रख्या?"

"लगेच."

"लगेच मतलब?"

चाचा थांबून राहिले. त्यांना घाई नव्हती. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. हसवायला समोर कुणी नव्हतं.

"मी मागं बघत होतो," मी म्हणलं. "भारत मुलगी बघायला गेला होता, त्याची नक्कल करत होतो. त्याचं तोंड कसं होतंय ते बघायला वळलो होतो."

"हौ," चाचा म्हणाले. कागदावर लिहिलं: दोन पाटे जास्तीचे होते, काढले. ब्रेकला फरक पडत होता. खाली सही केली. "मेरा आधा मैं लिख्या. बाकी का आधा तू बोल."

परत सांगोला

तिसऱ्या दिवशी दुपारी थेट भारतच्या दारात गाडी लावली. अंगणात डाळिंबाचे क्रेट मांडलेले. भारत डाव्या हातानं मोठी डाळिंबं एकीकडं, बारकी एकीकडं करत बसला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मला बघून मान खाली घातली आणि निवडत राहिला.

मी काढलेला पाटा आणि कागद त्याच्यासमोर ठेवला.

"हे लोखंड कशाला आणलंस?"

मी सगळं सांगितलं. तात्या, मेंढे, दांडी, डबी. कुणाचा आवाज काढला नाही. आवाज न काढता बोलायला मला एवढा वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

"म्हंजे दोष गाडीचा," भारत म्हणाला.

"अर्धा."

"आन अर्धा?"

"मी वळलो होतो. तुझं तोंड बघायला."

भारतनं हातातलं डाळिंब क्रेटमध्ये ठेवलं. मोठ्यातलं होतं, बारक्यात ठेवलं.

"मला म्हाईत हाय की," तो म्हणाला. "मी तुज्याकडंच बघत हुतो न्हवं का. तू माज्याकडं बघत हुतास. महिनाभर सगळ्यास्नी ब्रेक ब्रेक सांगत फिरलास. सुप्रियाला, माज्या आयला, दवाखान्यात डॉक्टरला बी. मला वाटाय लागलं, मलाच भास झाला आसंल."

त्यानं कागद डाव्या हातानं माझ्याकडं सरकवला.

"ब्रेकचं मला काय कळतंय रं? मला येवढंच ऐकायचं हुतं."

मी म्हणलं, "चक्कर मारायची का? आता थांबती."

"न्हाय."

"बरं."

मी पाटा उचलला. अंगणाच्या फाटकापर्यंत गेलो तवर तो मागनं म्हणाला, "सोमवारी पंढरपूरला जायचंय, प्लास्टर काढायला. एस्टीनं."

"बरं," मी परत म्हणलं.

"बरं काय? तू बी चल."

सोमवारी गेलो. खिडकी त्याला दिली. गाडी भरलेली होती, उभं राहायला जागा नव्हती. आम्ही डाळिंबाच्या भावावर बोललो, पावसावर बोललो. अर्ध्या रस्त्यात एक म्हैस आडवी आली आणि ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. आम्ही दोघं ड्रायव्हरपासनं सहा सीट मागं बसलेलो. तरी माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. बघितलं तर भारतचा पण.